बोटभर अंतर

आमच्या दाराच्या मागे एक लाठी उभी असते. वेळूची, तेल पिऊन काळपट झालेली, माझ्या कानापर्यंत येणारी. माझा नवरा तिच्या टोकाला फडकं बांधून जळमटं काढतो. पहिल्यांदा त्याला तसं करताना पाहिलं तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. "काठीच त हाये ना ते," तो म्हणाला, आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. ज्या लाठीला मी स्वतः दहा वर्षं हात लावला नाही, तिचा जळमटांनी कसला अपमान व्हायचा? पण राग आला तो आला. मला राग लवकर येतो आणि जायला फार वेळ लागतो. लहानपणी घरातले म्हणत, हिच्या नाकावर राग आहे. मला विचाराल तर तो माझ्या हातात होता. हे मला ज्या माणसामुळे कळलं, त्याच्याबद्दल लिहायचं मी आजवर टाळत आले.

आमचं गाव धनज. वस्तीत विहार, विहारापुढे मातीचं आवार, आवाराच्या कडेला एक निंबाचं झाड. त्या आवारात वस्ताद लाठी शिकवायचे. ते कारंज्याच्या बाजारात हमाल होते. दिवसभर सोयाबीन-तुरीची पोती पाठीवर घ्यायची आणि त्याआधी सकाळी आम्हाला शिकवायचं, असा त्यांचा दिवस. सगळं गाव त्यांना वस्ताद म्हणे, त्यांची बायकोसुद्धा. उंची बेताची, मान आखूड, खांद्यांवर पोत्यांचे घट्टे. त्यांच्या वडिलांकडून त्यांना लाठी आली होती. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे ती पुढे जायची तर आमच्यातूनच जाणार होती.

मी अकरा वर्षांची असताना शाळेत एका मुलीच्या डोक्यात कंपासपेटी घातली. तिला टाके पडले. वडील मला हाताला धरून वस्तादांकडे घेऊन गेले आणि म्हणाले, "हिले मारनंच हाये त निदान शिकून त मारन." वस्ताद हसले नाहीत. माझे दोन्ही तळहात उलटसुलट करून त्यांनी पाहिले, बैल घेताना खूर पाहतात तसे, आणि म्हणाले, "उद्या येताना झाडू घेऊन ये."

पहिला महिना मी फक्त झाडू मारला. मला वाटायचं, हा माणूस आपल्याला फुकटात राबवून घेतो आहे. आवार झाडायचं, सडा घालायचा, पाय धुवायचे. मग सगळ्यांच्या लाठ्या आत बुद्धमूर्तीपुढे आडव्या ठेवायच्या, तीनदा वंदन करायचं, त्रिशरण-पंचशील म्हणायचं. ते झाल्यावर प्रत्येकाने आपली लाठी दोन्ही हातांनी उचलून बाहेर यायचं. गावातल्या पाटलाच्या नात्यातली दोन-तीन पोरंही शिकायला येत. ती वंदनेच्या वेळी दारात अवघडून उभी राहत. वस्ताद त्यांना म्हणाले होते, "डोये मिटून उभे राहा. तुमचं जे असन ते म्हना. पन मन रिकामं करून या." त्यातलं एक पोरगं पुढे यायचं बंद झालं, घरून आवडलं नाही म्हणे. एक शेवटपर्यंत आलं.

लाठी हातात आली त्याच दिवशी मी माझा शहाणपणा दाखवला. वस्तादांना विचारलं, "आत जाऊन आपण म्हन्तो कोनत्याच जिवाले मारनार नाई, अन् बाहीर येऊन मारनं शिकतो. हे काय हाये?" मला वाटलं, आता एक बसणार.

वस्ताद म्हणाले, "तुले कोनं सांगतलं मी मारनं शिकवतो म्हनून?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मडकं दाखवलं.

ते मडकं आमच्या आवाराची खास गोष्ट होती. दुसऱ्या कुठल्या आखाड्यात असतं की नाही मला ठाऊक नाही. साधं कुंभाराकडचं मडकं, काठोकाठ पाण्याने भरलेलं, जमिनीवर ठेवलेलं. त्याच्यापुढे उभं राहायचं, लाठी डोक्यावर न्यायची आणि पूर्ण ताकदीने खाली आणायची. पूर्ण म्हणजे पूर्ण. हात राखून आणलेला वार वस्तादांना आवाजावरून कळायचा आणि ते तो मोजत नसत. पूर्ण ताकदीचा तो वार मडक्याच्या वर एक बोट राहिलं की थांबवायचा. पाण्यात आपला चेहरा दिसतो, तो हलला नाही तर वार खरा.

आणि मडकं फुटलं, तर तीन गोष्टी करायच्या. नवं मडकं स्वतः आणायचं. फुटलेल्याची खापरं वेचून जिथे पाणी सांडलं त्या ओल्या मातीच्या कडेला बसायचं, ओल वाळेपर्यंत. चैत्र-वैशाखात हे सोपं होतं, घटकाभरात माती पांढरी व्हायची. श्रावण-भादव्यात शाळा बुडायची. वडील चिडायचे, पण वस्तादांपुढे त्यांचं चालायचं नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात जड. वस्ताद शेजारी येऊन उकिडवे बसत, डावा कान आपल्याकडे करत आणि विचारत, "फुटलं तवा मनात कोन होतं?"

पहिल्यांदा मी म्हणाले, कोणी नाही. ते उठून गेले. ओल वाळली तरी मला उठू देईनात. दुपार झाली. शेवटी मी हाक मारून त्यांच्या कानात सांगितलं, की ज्या मुलीला टाके पडले तीच होती, कारण माझ्यामुळे तिला टाके पडले आणि सगळे तिचीच चौकशी करत होते. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "बरं. जा घरी." उपदेश नाही, दटावणं नाही. त्यांनी ते कधी कोणाला सांगितलं नाही, मलाही परत आठवण करून दिली नाही.

माझी इतकी मडकी फुटली की कुंभारीण मला लांबून पाहिल्याबरोबर मडकं बाजूला काढून ठेवायची. मनात कधी गणिताचे सर असत, कधी बस कंडक्टर, कधी माझीच आई. आमच्या शाळेत रांगेत आमच्या वस्तीच्या पोरींना मागे उभं करणारी एक बाई होती, तिने माझी निदान चार मडकी खाल्ली. प्रत्येक वेळी मी वस्तादांच्या कानात नाव सांगितलं आणि ते "बरं" म्हणाले. हळूहळू असं व्हायला लागलं की लाठी वर नेली की खाली यायच्या आधीच मला दिसायचं, आत कोण बसलं आहे. दिसलं की ते माणूस थोडं बाजूला सरायचं. मग वार थांबायचा. पंधरा-सोळाव्या वर्षापासून माझं मडकं फुटेनासं झालं. विहारातल्या भंतेजींनी ध्यानाबद्दल पुष्कळ सांगितलं, ते मी झोपाळल्या डोळ्यांनी ऐकलं असेल. मला जे काही शांत होणं माहीत आहे ते त्या पाण्यात न हललेल्या चेहऱ्याचं आहे. त्यानंतर ते मला परत कुठे मिळालं नाही.

जयंतीच्या मिरवणुकीत दरवर्षी आमचा खेळ असे. पोरं लाठी फिरवत, पेटते पलिते फिरवत, गर्दीला ते आवडे. शेवटी वस्तादांचा स्वतःचा खेळ. ते भर रस्त्यात मांडी घालून बसत, डोक्यावर भरलेलं मडकं ठेवत, आणि एका शिष्याने समोर उभं राहून वरून पूर्ण वार आणायचा आणि मडक्यावर एक बोट राखून थांबवायचा. मग ते मडकं उतरवत, त्यातलं पाणी स्वतः एक घोट पीत आणि उरलेलं शिष्याला देत. लोकांना हा खेळ फारसा आवडत नसे, कारण त्यात काही फुटत नसे. चार वर्षं तो वार मी केला. चार वर्षं ते पाणी मी प्यायले. मातीच्या वासाचं ते पाणी पिताना मला गावातल्या कुठल्याही पोरापेक्षा उंच झाल्यासारखं वाटायचं.

पाचव्या वर्षी मी वीस वर्षांची होते. बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं आणि मला पोलीस भरतीला उतरायचं होतं. रोज लाठीनंतर मी सडकेने धावायचे. वस्ताद स्वतः दगड ठेवून मला अंतर मोजून देत. जयंतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आई भाकरी थापता थापता म्हणाली, "वाशीमचं स्थळ हाये. पोरगा नोकरीवर हाये. तुह्या बापानं वस्तादले इचारलं, त वस्ताद म्हने चांगलं हाये, करून टाका."

मी विचारलं, "वस्ताद म्हने?"

"हो. त्याईनंच म्हटलं. भरती-बिरतीचं काई खरं नसते म्हने."

मला वडिलांचा राग आला नाही. वडील असंच काहीतरी करणार हे मी धरूनच चालले होते. पण ज्या माणसाच्या कानात मी माझी सगळी घाण ओतली होती, ज्याने माझ्यासाठी सडकेच्या कडेला दगड मांडले होते, त्याने मला न विचारता, बाजारात एखाद्या मालाला भाव सांगावा तसं "करून टाका" म्हणावं? रात्रभर माझी मूठ उघडली नाही. सकाळी विहारात गेले, आवार झाडलं, लाठी मूर्तीपुढे ठेवली, पंचशील म्हटलं. वस्तादांकडे पाहिलं नाही. त्यांनी एकदा विचारलं, "तब्येत बरी नाई का?" मी म्हटलं, बरी आहे.

दुपारी मिरवणूक चौकात आली. पुढे डीजेची गाडी, छातीत घुसणारा आवाज, ऊन. पोरांचे खेळ झाले. वस्ताद रस्त्यावर बसले, डोक्यावर मडकं ठेवलं, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोर पाहू लागले. माझ्याकडेच पाहत होते. मी लाठी वर नेली.

हात घामाने घसरला, आवाजाने लक्ष उडालं, उन्हाने डोळे दिपले, हे सगळं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. त्यातलं काही खरं नाही. ठरवून मारलं असंही नाही. वार खाली आला, थांबवायची जागा आली, ती मला नेहमीसारखी स्पष्ट दिसली आणि मी ती जाऊ दिली.

मडकं फुटलं. लाठी खाली घसरली ती त्यांच्या डाव्या कानावर बसली. त्यांचा पांढरा सदरा भिजला आणि त्या पाण्यातून लाल ओघळ आला. एक क्षण ते तसेच बसून राहिले. मग उठले, थोडे झोकांडले, आणि दोन्ही हात वर करून लोकांकडे वळले. लोकांना वाटलं, खेळच असा आहे. शिट्ट्या सुरू झाल्या. कोणीतरी ओरडलं, "असा पायजे खेळ!" दहा-पंधरा मोबाइल वर झाले होते. त्यातला एक व्हिडिओ पुढे कितीतरी दिवस गावात फिरत होता. त्यात माझा चेहरा दिसतो. मी हसते आहे. घाबरून हसले असेन, शिट्ट्या ऐकून हसले असेन. मला हसल्याचं आठवत नाही, पण हसते आहे एवढं खरं.

कानाला फडकं बांधून वस्ताद सगळ्यांना सांगत होते, "मीच मान हालवली. पोरीचं काई चुकलं नाई." मी त्यांच्याजवळ उभी होते. वाट पाहत होते, आता ते बाजूला घेतील, उकिडवे बसतील, विचारतील. त्यांनी विचारलं नाही. मिरवणूक पुढे निघाली. गाडीचं चाक खापरांवरून गेलं आणि रस्त्यावरचं पाणी डांबरात केव्हाच सुकून गेलं. बसायला जागाच उरली नव्हती, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं आणि घरी गेले.

दीड महिन्याने माझं लग्न झालं. जाताना वस्तादांनी ती लाठी माझ्या सामानात ठेवायला लावली. मी नको म्हटलं नाही, हवी असंही म्हटलं नाही.

स्थळ खरोखरच चांगलं निघालं. नवरा शांत माणूस आहे, ओरडत नाही, पगार घरात आणतो, माझ्या आईला दवाखान्यात नेतो. वस्तादांचा अंदाज चुकला असता तर मला निदान रागाला धरून राहता आलं असतं. तेही नाही. भरतीचं मात्र झालं नाही. एक वर्ष म्हटलं पुढच्या वर्षी, मग मुलगा झाला. आता मी वाशीमला एका शाळेत कारकून आहे. दाखले लिहिते, हजेरीपट नीट ठेवते आणि पालकांवर खेकसते.

धनजला वर्षातून दोन-तीनदा जाणं व्हायचं. प्रत्येक वेळी वस्तादांबद्दल काहीतरी नवीन ऐकायला मिळायचं. डाव्या कानाने ऐकू येत नाही. चक्कर येते. पोतं पाठीवर घेऊन फळीवरून चालताना तोल गेला, हमाली सुटली. लाठी फिरवताना गरकन पडले, तेव्हापासून आवार बंद. ते सगळ्यांना म्हणत, "उमर झाली आता." वस्तीतली पोरं म्हणत, वस्ताद म्हातारे झाले. त्यांची उमर तेव्हा एवढी नव्हती. निंबाखाली आता मोटरसायकली उभ्या असतात.

मी दर वेळी त्यांच्या घरी जायचे. कोणी नावं ठेवू नयेत इतक्या नियमाने जायचे. मामी, म्हणजे वस्तादांची बायको, दर वेळी म्हणायची, "इकडून बस ना माय, त्या कानानं त्याईले ऐकू येत नाई." आणि मी दर वेळी काहीतरी सबब सांगून डाव्या बाजूलाच बसायचे. तिकडे वारा येतो, इकडे ऊन लागतं. मग मामी चहाला आत गेली की मी हळूच त्या मेलेल्या कानाशी बोलायचे. "वस्ताद, माहं चुकलं." कधी एवढंच, कधी आणखी थोडं. ते समोर पाहत बसलेले असायचे. परत येताना बसमध्ये मला वाटायचं, सांगून तर झालं. हे मी किती वर्षं केलं ते लिहायची मला लाज वाटते.

या वर्षी पावसाळ्यात शाळेत मुलींसाठी स्वसंरक्षणाचा वर्ग निघाला. माझ्या अर्जात कधीतरी मी लाठीचं लिहिलं होतं, ते मुख्याध्यापकांनी शोधून काढलं. "बाहेरचा मानूस कायले बोलवाचा? तुमीच घ्या ना मॅडम," ते म्हणाले. शाळेने काठ्या आणल्या. मुली काठ्या फिरवायला लागल्या, ओरडायला लागल्या, आणि माझ्या लक्षात आलं की मला दुसरं काही शिकवताच येत नाही. तिसऱ्या दिवशी मी मडकं ठेवलं.

आठवीतली एक मुलगी पुढे आली. बारीक, कधी न बोलणारी, वेण्या घट्ट बांधलेली. तिने लाठी वर नेली आणि असा वार आणला की मडक्याचे चार तुकडे झाले आणि पाणी माझ्या साडीवर उडालं. मुली हसल्या. ती हसली नाही. ती काठी धरून माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या हातात काय आहे ते मला दिसत होतं. त्या वयात माझ्याही हातात तेच होतं, माझ्याकडेही कोणीतरी पाहिलं होतं.

मी तिच्या शेजारी उकिडवी बसले. तोंड उघडलं. विचारायचं एकच वाक्य होतं आणि ते माझ्या तोंडातून बाहेर येईना. जिने स्वतः उत्तर दिलं नाही, तिने कोणत्या तोंडाने विचारायचं? ती म्हणाली, "मॅडम, आता काय करू?" मी म्हटलं, "घरी जा." ती मान खाली घालून गेली. मी तिला तसंच जाऊ दिलं, जसं मला जाऊ दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि सकाळची कारंज्याची गाडी धरली. कारंज्याला उतरून एक मडकं घेतलं. मडकं मांडीवर घेऊन धनजपर्यंत बसले. शेजारची बाई म्हणाली, "पावसायात मडकं?" मी तिच्याकडे असं पाहिलं की तिने पुढे काही विचारलं नाही.

हिवाळ्यात पडून वस्तादांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, तेव्हापासून ते बाजेवरच होते. आता जेवणही सुटत चाललं होतं. घरकुलाच्या पुढे पत्र्याखाली बाज टाकली होती. अंगावर काही राहिलं नव्हतं, फक्त खांद्यांवरचे घट्टे तेवढे होते तसेच होते. मामी विहारात गेली होती, वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू होतं. मी हापशावरून मडकं भरून आणलं आणि त्यांच्या बाजेजवळ जमिनीवर ठेवलं. त्यांनी मान वळवून पुष्कळ वेळ मडक्याकडे पाहिलं.

"कोनं फोडलं?" ते म्हणाले. आवाज पार खोल गेला होता.

"मी."

"कवा?"

"त्या जयंतीले."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग हाताने खूण करून म्हणाले, "सांड."

मी मडकं उचललं आणि पत्र्याच्या बाहेर अंगणात पाणी सांडलं. आभाळ भरलेलं होतं, माती आधीच गार होती. पाणी बाजेच्या उशापर्यंत पसरलं आणि तसंच राहिलं. मी त्या ओलीच्या कडेला, बाजेला टेकून बसले. सवयीने डाव्या बाजूलाच बसले होते. त्यांनी हात लांब करून माझा पदर धरला आणि ओढला. जोर नव्हता त्यात, पण कळलं. मी उठून ओलीच्या कडेनेच बाजेच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले, जिकडून त्यांना ऐकू येत होतं.

त्यांनी मान माझ्याकडे केली. "फुटलं तवा मनात कोन होतं?"

दहा वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहिली होती, आणि तो आल्यावर मला पळून जावंसं वाटलं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"तुमी," मी म्हणाले. "तुमीच होते, वस्ताद. तुमी बाबाले म्हटलं करून टाका. मले इचारलं नाई."

"बरं," ते म्हणाले.

मला रडू आलं. अंगणात माणसं ये-जा करत होती, तरी मी रडले. पुष्कळ वेळाने विचारलं, "तुमाले मालूम होतं?"

"तवाच मालूम झालं. लाठी वर गेली तवाच."

"मंग तुमी उठले काहून नाई? बाजूले काहून नाई झाले?"

ते वर पत्र्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "वाटलं, थांबवशीन."

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. मामी विहारातून आली. मला खाली बसलेली पाहून म्हणाली, "अवो माय, वल्ल्यात काहून बसली? उठ, चहा मांडतो." वस्तादांनी डोळे न उघडता हात जरा वर केला, बसू दे म्हणून. चहा झाला. परतीची गाडी गेली असेल, घरून दोनदा फोन वाजला. माती तशीच काळी होती. मी मधूनमधून तिच्यावर तळहात टेकवून पाहत होते.